कट्ट्यावर विचारा

केतकी सरनोबतनं विचारलेला पहिला प्रश्न बिब्बानं चहा निवायच्या आत बंद केला.

तिनं लिहिलं होतं, "अर्जंट!!! माझ्या वडिलांचं मशीन बिघडलंय, कंपनी दाद देत नाही, कोणीतरी लवकर मदत करा. नंबर खाली दिलाय, फोन करा." त्याखाली लाल चौकट उमटली. "प्रश्न बंद केला आहे. काय बिघडलं ते यातून कळत नाही. इथं प्रत्येकाचं अर्जंटच असतं. तुमचा नंबर काढून टाकला आहे. नियम वाचा आणि पुन्हा विचारा. – बिब्बा."

"बिब्बा!" केतकी फोनकडं बघून ओरडली. "नावाप्रमाणं उततोय नुसता अंगावर!"

"कोन गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोणी नाही. फुकट मदत करणारे लोक आहेत म्हणे. मदत राहिली बाजूला, आधी व्याकरण शिकवतायत."

दुरुस्ती-कट्टा ही इंटरनेटवरची जागा तिला फाउंड्रीतल्या एका सहकाऱ्यानं सांगितली होती. कुणाचं श्रवणयंत्र, कुणाचा कृत्रिम हात, कुणाचा हृदयाचा पंप. बनवणाऱ्यांनी ज्यांच्याकडं पाठ फिरवली अशा यंत्रांबद्दल लोक तिथं विचारत आणि जगभरातले जाणकार आपापली कामं सांभाळून उत्तरं देत. ज्यानं त्यानं आपल्या भाषेत लिहावं, वाचणाऱ्याला ते त्याच्या भाषेत दिसे. पैसा कुणी घेत नसे. नियम मात्र भरपूर होते, आणि केतकीला त्या दिवशी नियम वाचण्याएवढं त्राण नव्हतं.

तिचे वडील आनंदराव सरनोबत म्हणजे मंगळवार पेठेचा आवाज. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मैदानाच्या चारी बाजूंना लावलेल्या भोंग्यांतून आप्पांचं समालोचन घुमायचं. "घेतला, वळवला, अरं भावा मार की!" असं ते म्हणायचे आणि हजारो माणसं एकदम उभी राहायची. ज्यांना मैदानात जागा मिळत नसे ते आजूबाजूच्या गच्च्यांवर बसून नुसते आप्पांना ऐकत. मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या मेंदूच्या देठाला झटका आला. जीव वाचला. डावा हात थोडाफार हलत राहिला, डोकं पूर्वीइतकंच तल्लख राहिलं, पण तोंडातून एक अक्षर फुटेना.

'वाग्मिता' नावाच्या कंपनीचं यंत्र तेव्हा नुकतंच आलं होतं. आपण बोलायचं मनात आणलं की मेंदूचा एक कोपरा जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. आप्पांचे हुकूम सुटत होते, फक्त पुढचा रस्ता वाहून गेला होता. डॉक्टरांनी त्या कोपऱ्यावर कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ जाळी बसवली. ती जाळी हुकूम उगमापाशीच ऐके, कानामागचं छोटं यंत्र त्यांचे शब्द बनवी आणि गळ्यातल्या स्पीकरमधून ते बाहेर पडत. आवाजही आप्पांचाच. सामन्यांच्या जुन्या ध्वनिफितींवरून तो घडवला होता. पहिल्या दिवशी त्या स्पीकरमधून "सुलोचना, रडू नगं," असं ऐकू आलं तेव्हा आईनं पदर तोंडात कोंबला होता.

पण मेंदू रोज जागचा किंचित हलतो. जाळीवर पेशींची साय धरते. काल ज्या टोकाशी 'म' ऐकू येत होता तिथं आज 'व' ऐकू येतो. त्यामुळं तबला जसा बैठकीआधी सुरात लावावा लागतो, तसा या यंत्राचा कान रोज नव्यानं लावावा लागे. ते काम कंपनीची मोठी संगणकं दुरून करत. माणसाला पत्ताही लागत नसे.

आणि मग कंपनीनं दुसऱ्या पिढीचं यंत्र बाजारात आणलं आणि पहिल्या पिढीचा कान लावणं बंद करून टाकलं. "आपल्या यंत्राचा सेवाकाल पूर्ण झाला आहे," एवढाच निरोप आला. नवं यंत्र घ्यायचं तर पुन्हा कवटी उघडायची आणि राहतं घर विकायचं.

सुरुवातीला घरात हसू व्हायचं. आप्पा आमटी चाखून म्हणायचे, "वीट कमी हाय." पाणी मागायचे तर यंत्र म्हणे, "वाणी." आई म्हणायची, "वाणी कशाला, मी हाय की." पुढं पुढं शब्द इतके भरकटले की आप्पाच बोलायचं टाळू लागले. एके दिवशी केतकी कामावर निघाली तेव्हा त्यांनी तिला हाक मारली. स्पीकर म्हणाला, "एकटी."

ती थबकली. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला.

"एकटी. एकटी."

त्याच दिवशी तिनं तो पहिला प्रश्न लिहिला होता.

दुसरा प्रश्न तिनं फोनमधल्या मदतनीस यंत्राकडून लिहून घेतला. मुद्देसूद, गुळगुळीत, आभारप्रदर्शनासकट. बिब्बानं तोही बंद केला.

"हा तुम्ही लिहिलेला नाही. यात म्हटलंय की वेगवेगळ्या वेळी चाचण्या घेतल्या, जाळीचा विद्युतरोध मोजला. मोजलात?"

केतकीला विद्युतरोध म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. तिनं सरळ बिब्बाला खासगी निरोप धाडला, "आमच्या घरात एक माणूस पुन्हा मुका होतोय आणि तुम्ही हस्ताक्षर तपासताय? माणसं आहात का कोण?"

उत्तर खासगीत आलं नाही. ते सगळ्यांना दिसेल असं तिच्या बंद प्रश्नाखाली आलं.

"केतकी सरनोबत यांचा खासगी निरोप वर जसाच्या तसा दिला आहे, उत्तरही इथंच देते. तुमचा राग मला समजतो. पण कायदा काय म्हणतो ते समजून घ्या. यंत्राबद्दल सर्वांसमोर, फुकट लिहिलेली गोष्ट ही माहिती ठरते आणि माहिती द्यायला कुणालाही मनाई नाही. तीच गोष्ट मी तुम्हाला आडून सांगितली तर तो विनापरवाना उपचार ठरतो. अशा एकेका आडून दिलेल्या उत्तरापायी याआधी इतर कट्टे कायमचे बंद पाडले गेलेत. आणि खोट्या चाचण्यांवर दिलेलं उत्तर तुमच्या वडिलांच्या मेंदूवर चालणार आहे, माझ्या नाही. म्हणून जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा. क्षुल्लक वाटलं तरी लिहा. तुमचा अंदाज लिहू नका. आम्ही वाट बघू."

केतकीनं फोन पालथा घातला. 'आम्ही वाट बघू' एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

शिरोलीच्या फाउंड्रीत ती ओतकाम तपासायचं काम करायची. दुसऱ्या दिवशी एका नव्या कामगारानं तिच्यापुढं एक सुटा भाग आणून टाकला. "मॅडम, कास्टिंग खराब आलंय."

"खराब म्हणजे?" केतकी सवयीनं खेकसली. "भोक पडलंय, तडा गेलाय, वाळू बसलीय? कुठल्या बाजूला? साचा कुठला होता? खराब म्हटल्यावर मी काय समजायचं?"

तो बिचारा गोरामोरा झाला. आणि केतकीला आपल्याच तोंडून बिब्बा बोलल्यासारखं वाटलं. ती जराशी हसली, मग त्याला म्हणाली, "चल, दोघं मिळून बघू."

त्यानंतर ती घरी आली की आप्पांसमोर बसायची. त्यांनी काय म्हणायचं ठरवलं होतं ते ती डाव्या हाताच्या बोटांनी अक्षरपाटीवर दाखवायला लावायची आणि यंत्र काय म्हणालं ते शेजारी लिहायची. सकाळी कसं, जेवल्यावर कसं, दमल्यावर कसं. आप्पांना हे पटलं होतं. बरेच दिवस कुणी त्यांच्याशी काम म्हणून बोललं नव्हतं.

प्रश्न पूर्ण होत आला तेव्हा एक गोष्ट तिनं लिहू की नको असं केलं. आप्पा फोनवर जुने सामने लावून बसत, आपलंच समालोचन ऐकत. अशा वेळी स्पीकरमधून मधूनच स्वच्छ शब्द बाहेर पडत. 'कॉर्नर.' 'हेडर.' 'रेफरी झोपलाय काय?' बाकी दिवसभर नुसता गोंधळ, आणि तेवढं मात्र खणखणीत. तिला वाटलं, हा योगायोग. पण क्षुल्लक वाटलं तरी लिहा, असं बजावलं होतं. तिनं लिहिलं.

उत्तर सापडलं तर सगळ्यांसाठी लिहून ठेवायचं, प्रश्न पुसायचा नाही, हा कट्ट्याचा नियम कबूल करून तिनं प्रश्न पाठवला. काही वेळानं चौकट आली. या खेपेला हिरवी.

"प्रश्न खुला केला आहे. चांगला प्रश्न आहे. – बिब्बा."

आणि उत्तरांची रीघ लागली. एस्टोनियातल्या एका निवृत्त अभियंत्यानं तिची सकाळ-दुपारची निरीक्षणं घेऊन दाखवून दिलं की जाळी शाबूत आहे, फक्त कान उतरलाय. लागोसमधल्या एका विद्यार्थिनीनं त्याची एक चूक पकडली आणि त्यानं ती तिथंच कबूल केली. मग वर्ध्याच्या एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी लिहिलं की जाळी बसवल्यावर पहिल्या आठवड्यात दवाखान्यात कान हातानंच लावतात; तो शिकवणी-कप्पा यंत्रात अजून आहे, कंपनीनं काढलेला नाही, आणि कळ कशी दाबायची हे त्यांच्या छापील माहितीपत्रकातच आहे. फक्त तिथं यंत्राला उत्तर आधी ठाऊक असावं लागतं. माणूस नेमकं काय बोलू पाहतोय हे ठाऊक असेल, तर त्या क्षणाचा मेंदूतला हुकूम आणि तो शब्द यांची गाठ यंत्र स्वतःच मारतं. अशी हजारो शब्दांची गाठ पडली की कान लागतो. अडचण एवढीच की आजारी माणूस हजारो शब्द कंटाळा न करता, अचूक वेळेला बोलणार कसा?

"तो बोलतोच आहे," बिब्बानं लिहिलं. "प्रश्नातला शेवटून दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा. सामना लागला की हा माणूस स्वतःच्या जुन्या आवाजाबरोबर मनातल्या मनात समालोचन करतो. त्याला ते तोंडपाठ आहे. ध्वनिफीत म्हणजेच यंत्रासाठीचं उत्तर. केतकी, फीत यंत्राला जोडा."

या उत्तरांखाली आणखी काही जमत चाललं होतं. 'माझंही हेच होतंय' असं लिहिणारी माणसं. लातूरच्या शाळेत शिकवणाऱ्या नसीम पटेल यांनी लिहिलं होतं, "हजेरी घेताना मुलांची नावं चुकतात. मुलं हसत नाहीत, तेच सोसत नाही." कारवारच्या एका तरुण वकिलानं काम सोडलं होतं. केतकी रोज संध्याकाळी हे सगळं आप्पांना वाचून दाखवायची. नसीमबाईंचं वाचलं तेव्हा त्यांनी हातानं खूण केली, परत वाच.

शिकवणी सुरू झाली. जेवणं उरकली की आप्पा एखादा गाजलेला अंतिम सामना निवडायचे, केतकी कळ दाबायची आणि बाप-लेक मैदानात जायचे. आईला हा प्रकार पसंत नव्हता. "मेंदूला काय झालं म्हंजे? ती कट्ट्यावरची माणसं येनार हायत का निस्तरायला?" तिचं चुकत नव्हतं. पहिले काही दिवस फुटबॉलचे शब्द तेवढे सुधारले, घरातले जसेच्या तसे बिघडलेले राहिले.

अशात कंपनीची बाई घरी आली.

तन्वी तिचं नाव. वाग्मितामध्ये रुग्ण-संपर्काचं काम बघायची. वयानं लहान, बोलायला गोड. येताना तिनं आप्पांसाठी फळं आणली होती, आणि खुर्ची ओढून ती बसली मात्र केतकीसमोर.

"ताई, तुमचा प्रश्न आमच्या वरिष्ठांनी वाचला. आम्हाला फार वाईट वाटलं. कंपनीनं ठरवलंय, काकांना नवीन पिढीचं यंत्र द्यायचं. एक पैसाही न घेता. ऑपरेशन, दवाखाना, सगळं आमच्याकडं. पुढच्या आठवड्यात तारीख मिळेल."

आईनं हातातला पेला खाली ठेवला. "खरंच म्हनतीस काय, बाळ?"

"खरंच, काकू."

"आणि?" केतकीनं विचारलं.

"आणि म्हणजे... कट्ट्यावरचा प्रश्न तुम्ही मागे घ्यायचा. विचारणाऱ्याला तो अधिकार असतो ना. प्रश्न गेला की खालची उत्तरंही जातात. आणि या विषयावर पुढं कुठं लिहायचं नाही, अशी एक सही."

"म्हणजे बाकीच्यांना कळायला नको."

"ताई, बाकीच्यांची काळजी कंपनी घेईलच की. लोक असे घरी प्रयोग करायला लागले तर धोका आहे."

"धोका होता तर शिकवणी-कप्पा यंत्रात ठेवला कशाला?"

तन्वीनं उत्तराऐवजी सहीचा कागद आणि लेखणी पुढं सरकवली. आई मात्र आता गप्प बसणार नव्हती. "केतकी, सही कर. त्यांचा आवाज परत येतोय, ह्याच्यापरीस काय पाहिजे तुला? त्या कट्ट्याचे नियम घेऊन काय लोनचं घालनार हायस?"

"आई, उत्तर सापडलं तर सगळ्यांसाठी लिहून ठेवायचं, प्रश्न पुसायचा नाही, या बोलीवर त्यांनी मदत केलीय. मी कबूल केलंय."

"ती लोकं आपली कोन लागतात?"

आईकडं बघितलं की केतकीला वाटत होतं, करून टाकावी सही. नवऱ्याचं बोलणं ऐकायला आसुसलेली बाई ती. आणि यंत्र खरंच चांगलं होतं, ऑपरेशनमधला धोका थोडा होता, आणि घरी चाललेल्या शिकवणीची खात्री कुणीच देत नव्हतं, बिब्बासुद्धा नाही. तिनं लेखणीकडं बघितलं. हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही.

"ऑफसाइड!"

तिघी दचकल्या. खिडकीशी बसलेल्या आप्पांच्या स्पीकरमधून तो शब्द भोंग्यातून यावा तसा खणखणीत आला होता.

तन्वी कसंनुसं हसली. "काकांना मॅच आठवली वाटतं."

"रेफरीनं शिट्टी मारलीय," स्पीकर म्हणाला. आप्पांचे डोळे रोखून तन्वीकडं लागले होते. "ऑफसाइड. गोल न्हाई. बॉल परत."

मग त्यांनी डावा हात अक्षरपाटीकडं सरकवला. एकेका अक्षरावर बोट टेकवायला त्यांना वेळ लागत होता, आणि तिघीही त्या बोटाकडं बघत होत्या. लातूर, असं त्यांनी दाखवलं. मग दाखवलं, हजेरी.

आई हलकेच खाली बसली. तिला नसीमबाईंची हकीकत ठाऊक होती. वाचन चाललेलं ती भाकऱ्या थापता थापता ऐकायची. मग ती तन्वीला म्हणाली, "बाळ, फळं घेऊन जा. आमच्यात कुनी खानार न्हाई."

तन्वी उठली. दारात ती थोडी रेंगाळली. "मी फक्त निरोप आणला होता, ताई."

"माहितेय," केतकी म्हणाली. "आता आमचा घेऊन जा."

शिकवणी चालू राहिली. एस्टोनियाच्या अभियंत्यानं सुचवलं की नुसते सामने पुरणार नाहीत, घरातल्या शब्दांसाठी मधल्या वेळेतल्या गप्पा घ्या. आप्पांना मध्यंतरात माइकवरून वाट्टेल ते बोलायची खोड होती. हरवलेल्या पोरांची नावं पुकारायची, भजीवाल्याची जाहिरात करायची, पावसाला शिव्या द्यायच्या. ती खोड आता कामाला आली. कान हळूहळू लागत गेला. आणि एका दुपारी आईनं ताट समोर ठेवलं, पहिला घास भरवला, तेव्हा आप्पा म्हणाले, "मीठ कमी हाय, सुलोचना."

आईनं घास हातातच धरला. "परत म्हना."

"मीठ कमी हाय."

"परत!"

"अगं, जेवू दे की! केतकी, सांग हिला काहीतरी."

केतकी भिंतीला टेकून उभी होती. आपलं नाव ऐकल्यावर तिनं तोंड फिरवलं आणि बराच वेळ भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.

संध्याकाळी तिनं कट्ट्यावर सगळं लिहिलं. काय केलं, कुठल्या क्रमानं, कुठं फसलं. यश आलं त्याबरोबर काय आलं नाही तेही. 'ळ' अजून 'ल' होतो. दमल्यावर शब्द गळतात. आवाज पूर्वीइतका मऊ नाही, थोडा खरखरतो. जे दिसलं तेवढंच लिहिलं. नसीम पटेलांकडं त्यांच्या वर्गातल्या कवितावाचनाच्या फिती होत्या. कारवारच्या वकिलानं बहिणीबरोबर केलेल्या जुन्या फोन-गप्पा शोधून काढल्या. ज्याच्याकडं स्वतःच्या आवाजाचं काहीच नव्हतं त्याच्यासाठी लागोसच्या मुलीनं वेगळी युक्ती काढली. एकेक जण बोलू लागला आणि एकेकानं आपलं खाली लिहून ठेवलं.

वाग्मितानं मग तक्रार गुदरली. वैद्यकीय यंत्रांसाठी नेमलेल्या लवादापुढं, पुण्यात. कट्टा विनापरवाना उपचार करतो, तो बंद करावा, आणि पहिल्या पिढीच्या सर्व यंत्रांमधला शिकवणी-कप्पा कंपनीला दुरून काढून टाकू द्यावा. केतकी सरनोबत आणि कट्ट्याची चालक यांना हजर राहण्याचा हुकूम आला. हे ऐकल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "खुर्ची गाडीत चढवा."

लवादाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर एक ठेंगणी, पन्नाशीची बाई उन्हात उभी होती. खांद्याला पिशवी, पायात चपला.

"केतकी का? मी वैजयंती इंगळे, अकोल्याची. श्रवणयंत्रं दुरुस्त करते." मग केतकीच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून म्हणाली, "बिब्बा."

केतकीनं हात जोडले. "मी तुम्हाला फार वाईट लिहिलं होतं."

"लिहिलं होतं ना. सगळ्या जगानं वाचलं." बाई हसली. "काऊन घाबरता? आज आपल्याजवळ लपवायला काहीच नाही. त्यासाठीच तर एवढा छळ केला तुमचा."

आत तेच घडलं. कंपनीच्या वकिलानं मागणी केली की केतकी आणि कट्ट्याची माणसं यांच्यातला सगळा खासगी पत्रव्यवहार सादर व्हावा. इंगळेबाई म्हणाल्या, एकच खासगी निरोप आहे, त्यात मला शिव्या आहेत, आणि त्याचं उत्तर मी सर्वांसमोर दिलं. लवादाच्या अध्यक्षबाईंनी पडद्यावर ते वाचलं आणि ओठ दाबले. कुणी कुणाला पैसे दिले? नाही. फोन? नाही, नंबर तर पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. प्रत्येक सूचना, प्रत्येक चूक, प्रत्येक दुरुस्ती उघड्यावर, कुणालाही वाचता येईल अशी पडली होती.

वकिलानं मग दुसऱ्या बाजूनं चढाई केली. "ठीक आहे. पण या दुरुस्त्या प्रमाणित नाहीत. या यंत्रांतून येणारा आवाज रुग्णाचा आहे की घरी केलेल्या प्रयोगाचा, हे कोण सांगणार? त्यामुळं या यंत्रांतून दिलेली कुठलीही जबानी नोंदवली जाऊ नये, अशी विनंती आहे. रुग्णांच्या वतीनं कंपनी बोलेल. त्यांचं हित आम्हालाच अधिक कळतं."

सभागृहात मागच्या रांगांमध्ये माणसं बसली होती. काही चाकांच्या खुर्च्यांवर, काही काठी टेकून, काहींच्या मागं त्यांची बायको, मुलगा, बहीण. प्रत्येकाच्या गळ्यात तो छोटा स्पीकर. लातूरहून, कारवारहून, कुठून कुठून आलेली. आतापर्यंत त्यांच्यातलं कुणी बोललं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "यांची बाजू मग मांडणार कोण?"

केतकी उठली. तिनं तयारी केली होती. कायद्याचं कलम, माहितीपत्रकाचं पान, सगळं पाठ होतं. पण तिच्या आधी शेजारून खरखरीत आवाज आला.

"आम्ही हाय की इथं."

वकील तत्परतेनं वळला. "हरकत आहे. हा आवाज प्रमाणित..."

"आवाज माझा हाय," आप्पा म्हणाले. "कोल्लापुरात कुनालाबी इचारा. शब्दबी माझे हायत. आनंदराव सरनोबत. लिहून घ्या."

टंकलेखकानं अध्यक्षबाईंकडं पाहिलं.

"हरकत आहे," वकील पुन्हा म्हणाला.

मागच्या रांगेत एक बाई उभी राहिली. तिचा स्पीकर किंचित अडखळला, मग स्पष्ट बोलला. "नसीम पटेल. शिक्षिका. लातूर. माझंही लिहून घ्या."

मग कारवारचा वकील. मग एक म्हातारे गृहस्थ, ज्यांचं अर्धं वाक्य गळलं तरी त्यांनी उरलेलं अर्धं पूर्ण केलं. मग आणखी कुणी. कुणाचा आवाज चिरका, कुणाचा संथ, कुणाचा 'ळ' चुकलेला. नाव, गाव, आणि 'लिहून घ्या.' केतकी खाली बसली. इंगळेबाईंनी तिचा हात धरला होता आणि तो चांगलाच घट्ट धरला होता.

निकाल काही दिवसांनी लागला. तक्रार फेटाळली गेली. कट्टा राहिला, शिकवणी-कप्पा राहिला, आणि त्याला हात लावायचा नाही अशी कंपनीला ताकीद मिळाली. पण त्या दुपारी तो निकाल कुणाच्याच हाती नव्हता. त्या दुपारी अध्यक्षबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, टंकलेखकाला मान हलवून खूण केली आणि कळांचा टकटक आवाज सुरू झाला. कंपनीचा वकील तिसऱ्यांदा हरकत घ्यायला उभा राहिला.

आप्पा बोलायचे थांबले नाहीत.